फेरफार व प्रमाणन

फेरफार व प्रमाणन : अभिलेखातील नोंदीत करावयाचा बदल प्रथम प्रलंबित स्वरूपात लिहून ठेवणे म्हणजे फेरफार आणि छाननीनंतर तो कायम करणे म्हणजे प्रमाणन होय. महसुली दप्तरात रुजलेली ही द्विस्तरीय पद्धती संगणकाच्या स्मृतीतील सारण्यांतही आढळते.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या अधिनियमाने अधिकार अभिलेख सुरू झाला आणि १९१३ मध्ये त्याच्या तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याला लागून असला, तरी १९४८ पर्यंत तेथे निजामाचा अंमल होता. हैदराबाद संस्थानात अधिकार अभिलेखाचा विनियम १३५८ फसलीत (१९४८-४९) आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांना एकच पद्धती लागू झाली.

या अधिनियमानुसार वारसा, खरेदी इत्यादींनी मिळालेला हक्क तीन महिन्यांत कळवावयाचा असतो. तलाठ्याने त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये घेऊन प्रत चावडीवर लावावी व हितसंबंधितांना सूचना द्यावी, अशी तरतूद आहे. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत (६-अ) जाते. ती नसल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करू शकतो. हस्तलिखित सातबारावर प्रलंबित फेरफाराचा क्रमांक शिसपेन्सिलीने लिहीत. प्रमाणनानंतर तो शाईने लिहून जुने नाव कंसात ठेवीत. लिहिणारा एक व कायम करणारा दुसरा, हे या रचनेचे मर्म होय. वारसांतून एखादी विधवा वा विवाहित मुलगी वगळली गेल्यास सूचनेचा काळ ही तिची पहिली संधी असते. प्रमाणनानंतर अपिलाचा लांबचा मार्ग उरतो. मात्र प्रमाणित नोंदीने मालकी निर्माण होत नाही. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते, एवढेच.

संगणकशास्त्रात व्यवहार एकतर संपूर्ण कायम व्हावा अथवा संपूर्ण रद्द व्हावा, या तत्त्वाचे विवेचन जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये केले. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट प्रणालीबरोबर आलेल्या स्मृतिस्थ सारणीत प्रत्येक ओळीवर ‘जोडलेली’, ‘बदललेली’, ‘वगळलेली’ किंवा ‘अपरिवर्तित’ अशी खूण असते. बदललेल्या ओळीचे मूळ व नवे मूल्य दोन्ही जपले जाते. ‘ॲक्सेप्टचेंजेस’ ही आज्ञा देताच नवे मूल्य मूळ ठरते, वगळलेल्या ओळी नाहीशा होतात व इतर ओळी ‘अपरिवर्तित’ होतात. ‘रिजेक्टचेंजेस’ने पूर्वस्थिती येते. परंतु ही मान्यता स्मृतीपुरतीच असते. मूळ संचयिकेत बदल पोचविण्यापूर्वीच ती आज्ञा दिल्यास ओळी अपरिवर्तित समजून वगळल्या जातात. पडद्यावर नवे मूल्य दिसते, संचयिकेत मात्र जुनेच राहते. फेरफार प्रमाणित होऊनही सातबारावर उतरला नाही, तर खातेदाराची होणारी अडचण याच जातीची.

महाराष्ट्राच्या ई-फेरफार प्रणालीत शिसपेन्सिलीची गरज उरलेली नाही; नोंद, सूचना व प्रमाणन या पायऱ्या मात्र स्वतंत्रच आहेत. बदल किती जलद कायम होतो यापेक्षा तो कायम होण्यापूर्वी संबंधितांना तो दिसतो की नाही, यावरच अभिलेखाची विश्वसनीयता अवलंबून असते.