सगळा खेळ ताणाचा

तुमच्या कॉलेजच्या टी-शर्टवरचं चित्र बहुधा स्क्रीन प्रिंटिंगचं असेल. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. लाकडी चौकटीवर रेशमी जाळी ताणायची, नको ती छिद्रं बुजवायची, उरलेल्यांतून शाई दाबायची. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी याच तंत्राने भिंती पोस्टरांनी भरल्या.

पण खरी मेख ताणात आहे. जाळी सैल पडली की ती ओल्या शाईला चिकटते, दाबाबरोबर सरकते आणि दुसरा रंग पहिल्यावर नीट बसत नाही. त्यात लाकूड पाण्याने फुगतं, वाकतं. खिळ्यांनी ठोकलेली जाळी सैल झाली, तर काढून नव्याने ठोकायची.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या रोलर-फ्रेमने हे बदललं. तिच्या बाजू म्हणजे धातूच्या फिरत्या नळ्या. पाना फिरवा, मीटरवर ताण न्यूटनमध्ये वाचा, बोल्ट आवळा. जाळी फाटली तर फक्त जाळी बदला, चौकट तीच.

आधी हा ताण कारागिराच्या बोटांना कळायचा. आता तो आकडा झाला. म्हणजे नवशिक्यालाही जमेल. मात्र ही फ्रेम लाकडी चौकटीपेक्षा बरीच महाग. म्हणूनच छोट्या कारखान्यांत लाकूड अजून टिकून आहे, आणि ती जाणती बोटंही.