सांगडीचं गोत

नेवाशाला समुद्र नाही. खारं पाणी बघायचं तर सह्याद्री उतरून कोकण गाठावं लागतं. तरीही मराठी नावाड्यांच्या शब्दांचा एक जुना साठा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या याच गावात, प्रवरेच्या काठी सापडतो. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी इथे गीतेवरची टीका सांगितली. तिच्या सातव्या अध्यायात मायेची नदी आहे. ही नदी तरून जायला जो उपाय करावा तोच अपाय होऊन बसतो. कोणी आपल्याच बुद्धीच्या भरवशावर, नुसत्या बाहूंनी पाण्यात शिरतात. त्यांचा पत्ता लागत नाही. कोणी तिन्ही वेदांची सांगड घेतात, पण तिच्याबरोबर अहंभावाचा धोंडाही घेतात आणि मदाच्या माशाच्या तोंडी सगळेच्या सगळे जातात. ज्यांना सद्गुरू हा तारू मिळतो, तेच पार होतात. सांगड, तारू, तरांडं, कास हे शब्द तिथे येतात ते कसल्याही खुलाशाशिवाय. नदीकाठच्या श्रोत्यांना तो लागणारही नव्हता.

आज मात्र खुलासा लागतो. आपण ‘परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड’ वगैरे सहज लिहून जातो (अग्रलेखांना तर या सांगडीशिवाय पैलतीर दिसतच नाही), पण ती पाण्यातली वस्तू होती हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं. मोल्सवर्थच्या कोशात पहिला अर्थ पाण्यातलाच आहे: दोन होड्या एकमेकींना बांधून केलेला तराफा, किंवा पोहताना आधाराला घ्यायची भोपळ्यांची जोडी. वाळलेला कडू भोपळा आतून पोकळ असतो, म्हणून तरंगतो. पण एकटा भोपळा अंगाखालून निसटतो, गोल फिरतो. दोन भोपळे दोरीने जोडले की मधे माणूस मावतो आणि तोल राहतो. होड्यांचंही तसंच. एकटी अरुंद डोणी बाजूला कलंडते. दोन डोण्यांवर आडव्या फळ्या टाकल्या की त्यावरून गाडी आणि बैल पलीकडे नेता येतात. सांगडीचा सगळा जीव बांधण्यात आहे. संस्कृतात तिचं मूळ शोधणारे संघट्ट, संघात अशा रूपांकडे जातात. त्यांचाही अर्थ एकत्र येणं, जुळणं हाच.

या शब्दाचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख मात्र ग्रीकांचा आहे. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरच्या कामारा, पोदुके, सोपात्मा या बंदरांचं वर्णन येतं. तिथे अखंड लाकडाच्या होड्या एकत्र बांधून केलेली प्रचंड जहाजं असतात आणि त्यांना ‘संगारा’ म्हणतात, असं ग्रंथाचा अनाम लेखक नोंदवतो. तमिळ-मल्याळममधलं ‘चंगाडम’ याच कुळातलं, असं यूल आणि बर्नेल यांनी 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात दाखवलं. त्याच ‘पेरिप्लस’मध्ये गोदाकाठचं पैठणही आहे. आणि 1954 ते 1956 या काळात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा रोमन व्यापारातून आलेल्या अँफोरा कुंभांचे तुकडे तिथे मिळाले. म्हणजे भूमध्य समुद्राकडचे कुंभ प्रवरेपर्यंत पोचत होते. त्यांनी नदी कशावरून ओलांडली हे खापरं सांगत नाहीत, पण मला तरी तिथे सांगडच दिसते.

पुढे पोर्तुगीज आले. मलबारच्या किनाऱ्यावर त्यांनी चंगाडम उचललं आणि त्याचं ‘जंगादा’ केलं. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या आशियाई शब्दांचा मोठा कोश केला, त्यात हाही शब्द आहे. पण त्याचा खरा संसार थाटला गेला ब्राझीलमध्ये.

एप्रिल 1500 मध्ये भारताकडे निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालचा तांडा वाटेत ब्राझीलला लागला. त्या तांड्यावरच्या पेरो वाझ दे कामिन्य याने राजाला लिहिलेल्या पत्रात तिथल्या लोकांच्या होड्यांचं नवल आहे: तीन ओंडके एकमेकांना बांधलेले, बस्स. कामिन्य पुढे कालिकतला आला आणि तिथेच मेला. त्या ओंडक्यांच्या तराफ्याला पोर्तुगिजांनी पुढे भारतातून उचललेलं नाव दिलं. तराफा तिथल्या तुपी लोकांचाच. आपल्याकडून गेलं ते फक्त नाव. हे बजावून सांगावंसं वाटतं, कारण अशा कथांमध्ये आपण लगेच जहाजच आपलं म्हणू लागतो.

ईशान्य ब्राझीलच्या कोळ्यांची जुनी जंगादा म्हणजे हलक्या लाकडाचे सहा ओंडके, लाकडी खुंट्यांनी जोडलेले, लोखंडी खिळा नाही, वर तिकोनी शीड. अशाच एका जंगादेचं नाव ‘लिबर्दादे’, स्वातंत्र्य. 1881 मध्ये सेआरा प्रांतातल्या फोर्तालेझा बंदरात जंगादावाल्यांनी गुलामांना जहाजावर पोचवायचं नाकारलं. बंदराला धक्का नव्हता, त्यामुळे जंगादा अडल्या की व्यापार अडला. फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो त्यांचा पुढारी. 1884 मध्ये सेआराने गुलामगिरी रद्द केली, बाकीच्या ब्राझीलच्या चार वर्षं आधी. या लढ्याची खूण म्हणून ‘लिबर्दादे’ आगबोटीवर चढवून रिओला नेली, मिरवली आणि राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. पुढे ती तिथून हलली आणि नाहीशी झाली. आपल्या सांगडीवर ती वेळच येत नाही. पैलतीर आला की दोर सुटतो, होड्या आपापल्या वाटेने जातात. काचेआड ठेवायला काही उरत नाही.

1941 मध्ये त्याच फोर्तालेझाचे चार कोळी जंगादेवरून, होकायंत्राशिवाय, 61 दिवसांत रिओला पोचले. धरलेल्या मासळीतला अर्धा वाटा जंगादेच्या मालकाला जात होता आणि म्हातारपणाला काही आधार नव्हता; ते गाऱ्हाणं त्यांनी राष्ट्राध्यक्ष वार्गास यांच्यापुढे मांडलं. ब्राझीलला गेलेल्या दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने त्यावर सिनेमा काढायला घेतला. मे 1942 मध्ये रिओजवळ चित्रीकरण चालू असताना लाटेने जंगादा उलटली आणि चौघांचा म्होरक्या जाकारे बुडाला. वेल्सने उरलेल्या तिघांना घेऊन फोर्तालेझाला काम चालू ठेवलं, पण सिनेमा पुरा झाला नाही. शिल्लक राहिलेली फिल्म 1993 मध्ये एका माहितीपटातून लोकांसमोर आली.