ग्रिडची कुळकथा

‘ग्रिडला लिस्ट बाइंड कर’ असं वेब प्रोग्रामर सहज म्हणून जातात; पण हा ग्रिड मूळचा वेबचा नव्हेच, तो डेस्कटॉपवरून आलेला. 1993 साली मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकच्या तिसऱ्या आवृत्तीत डेटा कंट्रोल आला. डेटाबेस आणि टेबल सांगितलं की टेक्स्टबॉक्स आपोआप भरायचा. बाणावर क्लिक केलं की पुढची नोंद. बॉक्समध्ये दुरुस्ती करून दुसऱ्या नोंदीवर गेलं की ती थेट टेबलात. 1995च्या चौथ्या आवृत्तीत डीबीग्रिड आला आणि अख्खं टेबलच फॉर्मवर बसलं. प्रोग्राम चालू असेपर्यंत दोन्ही टोकं जोडलेलीच.

वेबवर ही चैन नव्हती. 1996च्या अखेरीस आलेल्या एएसपीत रेकॉर्डसेटवर स्वतः लूप फिरवावा लागे: टीआर उघडा, रकान्यागणिक टीडी, टीआर बंद. शेवटी ‘मूव्हनेक्स्ट’ राहिलं, तर पहिलीच नोंद छापत पान लटकायचं. 1997च्या इंटरनेट एक्सप्लोरर 4ने टेबलच्या टॅगलाच डेटा जोडायची सोय दिली खरी, पण बाकीच्या ब्राउझरांनी तिला विचारलं नाही.

2002 साली एएसपी डॉट नेटबरोबर डेटाग्रिड आला. एका ओळीत डेटासोर्सला लिस्ट द्यायची, दुसरीत ‘डेटाबाइंड’ला हाक मारायची. ही दुसरी ओळ नवशिक्याकडून हमखास सुटते. एरर येत नाही, नुसता ग्रिड दिसत नाही. डेस्कटॉपवरच्या जोडणीचं वेबवर काय झालं, ते या ओळीत कळतं. सर्व्हर पान तयार करून पाठवतो आणि विसरून जातो. म्हणून इथे बाइंड करणं म्हणजे त्या क्षणी लिस्टवरून एकदा फिरून रो तयार करणं, एवढंच. नंतर लिस्टमध्ये भर टाकली तर ग्रिडला त्याचा पत्ता नसतो. लूप कुठे गेला नाही, ग्रिडच्या पोटात गेला. तरी सगळं लक्षात असल्याचा आव आणायला व्ह्यूस्टेट होतं: ग्रिडमधला मजकूर एका लपवलेल्या फील्डमध्ये भरून दर पोस्टबॅकला, म्हणजे पान सर्व्हरकडे परत जाताना, ने-आण. लांबलचक यादी असली की पान फुगायचं. माझ्या मते ‘बाइंड’ हे नाव जुनं ठेवून काम बदललं, गोंधळ तिथेच झाला.

2005मध्ये ग्रिडव्ह्यू आला आणि त्याच खेपेला जेनेरिक लिस्टही. हा ग्रिड लिस्टमधल्या वस्तूंच्या क्लासमधल्या पब्लिक प्रॉपर्टी हुडकून कॉलम स्वतःच पाडतो, पण साधी पब्लिक फील्ड्स मोजत नाही. क्लासमध्ये नुसती फील्ड्सच असतील, तर लिस्ट भरलेली असूनही कॉलम पाडायला काही सापडत नाही, अशी तक्रार करतो. 2010च्या नॉकआउटसारख्या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांत मात्र लिस्टमध्ये वस्तू टाकली की ब्राउझरमध्ये रो उगवू लागली.

जुना ग्रिड अजून सांभाळत असाल, तर पेज लोडमध्ये पोस्टबॅकची अट घातल्याशिवाय डेटाबाइंड बोलावू नका. नाहीतर समोरच्याने रोमध्ये केलेली दुरुस्ती सेव्ह होण्याआधीच पुसली जाते.