लिब्रिए आणि खिशातला फोन : ई-पुस्तकाच्या दोन वाटा

१/ एप्रिल २००४. सोनी कंपनीने जपानमध्ये 'लिब्रिए' नावाचे एक पातळ वाचनयंत्र विक्रीस आणले. सहा इंचांचा पडदा आणि त्यावर छापील कागदावरच्यासारखी स्थिर अक्षरे. ई-शाई वापरणारे, बाजारात आलेले हे पहिले वाचनयंत्र. २००७मध्ये सोनीने त्याचे उत्पादन थांबवले. नेमक्या याच काळात त्याच देशातील तरुण वाचक, विशेषतः मुली, घडीच्या मोबाइलच्या इवल्याशा, चकाकत्या पडद्यावर अख्ख्या कादंबऱ्या वाचत होत्या. उत्तम पडदा हरला आणि सामान्य पडदा जिंकला तो कसा? #धागा

२/ आधी ई-शाईविषयी. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी अर्धे काळे, अर्धे पांढरे सूक्ष्म मणी विजेच्या साहाय्याने फिरवून अक्षरे उमटवली होती. पुढे अमेरिकेतील एमआयटीमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी अतिसूक्ष्म कुप्यांत पांढरे-काळे कण भरले. विद्युत्प्रभार बदलला की त्यांपैकी एका रंगाचे कण वर येतात. १९९७मध्ये 'ई इंक' कंपनी निघाली. १९९८मध्ये 'नेचर' नियतकालिकात शोधनिबंध आला.

३/ या पद्धतीचे मर्म असे की वीज लागते ती पान उलटताना. उमटलेले पान वीज न घेता तसेच राहते. फोनचा पडदा मात्र पूर्ण वेळ मागून उजेड फेकत असतो. म्हणून उन्हात ई-शाई खुलते आणि फोन फिका पडतो. डोळ्यांचा कौल घेतला असता, तर निकाल २००४मध्येच लागला असता.

४/ परंतु लिब्रिएची किंमत होती सुमारे ४० हजार येन. पुस्तक हवे असल्यास ते आधी संगणकावर उतरवायचे, मग तारेने यंत्रात घालायचे. आणि एवढे करून ते पुस्तक वाचकाचे होत नसेच! साठ दिवसांनी ते उघडेनासे होई. पैसे मोजून विकत घेतलेल्या यंत्रावर वाचनालयातल्यासारखी मुदत. ग्राहक पाठ फिरवणार नाहीत तर काय?

५/ इकडे फोनची वाट निराळीच होती. फेब्रुवारी १९९९मध्ये एनटीटी डोकोमोने 'आय-मोड' ही मोबाइल इंटरनेट सेवा सुरू केली. २००४च्या सुमारास ठरावीक मासिक रकमेत हवा तेवढा डेटा मिळू लागला. गाडीत उभ्याउभ्या अंगठ्याने कथा वाचायची, आणि त्याच अंगठ्याने लिहायचीही. या प्रकाराला नाव पडले 'केताई शोसेत्सु', म्हणजे मोबाइल कादंबरी. योशी या टोपणनावाच्या लेखकाची 'डीप लव्ह' ही त्यातील आद्य कादंबऱ्यांपैकी एक.

६/ पडद्याने लेखनाचा घाटही बदलला. वाक्ये तुटक, संवाद पुष्कळ, ओळींमध्ये मोकळी जागा. जपानी कादंबरी परंपरेने वरून खाली छापतात. या कादंबऱ्या कागदावर आल्या तेव्हाही बहुधा फोनप्रमाणे आडव्याच छापल्या गेल्या. समीक्षकांनी नाके मुरडली. त्यांचे आक्षेप सर्वस्वी खोटे नव्हते. पण २००७मध्ये जपानमधील सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळच्या मोबाइल कादंबऱ्या होत्या. पहिल्या क्रमांकावर होती 'मिका' या टोपणनावाच्या लेखिकेची 'कोइझोरा'.

७/ आता अमेरिका. १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनने ३९९ डॉलरना किंडल आणले. पहिला साठा साडेपाच तासांत संपला. त्याचा पडदाही ई-शाईचाच. मग लिब्रिएला न साधलेले त्याला कसे साधले? किंडलच्या पोटात मोबाइलचे जाळे होते. संगणक नको, तार नको, जोडणीचे वेगळे बिलही नको. मिनिटाभरात पुस्तक हाती. वाचनयंत्राने फोनकडून उसने घेतलेला हा गुण पडद्याइतकाच, किंबहुना अधिक निर्णायक ठरला.

८/ जानेवारी २००८मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी, लोक आता वाचतच नाहीत, असे म्हणून किंडलची कल्पना मोडीत काढली. जपानची खपाची यादी त्यांच्यापर्यंत पोहोचली नसावी. मार्च २००९मध्ये जॉब्स यांच्याच आयफोनवर किंडलचे ॲप आले. यंत्रावर सोडलेले पान फोनवर तिथूनच पुढे उघडू लागले.

९/ साठ दिवसांचा प्रश्न मात्र वेगळ्या रूपाने परतला. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. वाचकांना पैसे परत मिळाले. जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. पुसायला निवडली गेली ती पुस्तके, लिखित सत्य पुसणाऱ्या सत्तेच्या गोष्टी सांगणारी!

१०/ मराठीत फोनच आधी आला. २०१४मध्ये बंगळूरुत सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'वर पुढे मराठी कथाही फोनवरच लिहिल्या-वाचल्या जाऊ लागल्या, केताई शोसेत्सुसारख्याच, भागाभागांनी. किंडलवर ॲमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके आणली ती डिसेंबर २०१६मध्ये, आणि तीही पहिल्या दिवसापासून फोनवरच्या ॲपमध्ये उघडत होती.