राखणदार सैन्य : कोरिया, १९५३

सोलापूरला लष्कराची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नाही. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ बसला. त्या दिवसांतील खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. लष्कर म्हणजे सरकारची बंदूक, ही समजूत गिरण्यांच्या या गावात तेव्हापासून रुजली. तिच्यापुढे स्वतंत्र भारताच्या सैन्याची एक कामगिरी ठेवून पाहावी, असे आम्हांस वाटते.

२७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धविराम झाला. तो अडला होता युद्धकैद्यांवरून. मायदेशी जाण्यास नाकबूल असलेले सुमारे २२ हजार चिनी व कोरियन कैदी सांभाळावे कोणी? ते काम भारताकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. राखणदार सैन्याचे सेनापती कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या जवानांना स्वतःच्या भूमीवर पाऊलही ठेवू दिले नाही. बोटीवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे तंबूंचे ‘हिंद नगर’ वसले. पुढे हाडे गोठविणारा हिवाळा. कुंपणाआडचे पुढारी, घरी जाऊ इच्छिणाऱ्या कैद्यांना मारहाण करीत, प्रसंगी जीवही घेत. पहारेकऱ्यांवर दगड येत.

सप्टेंबरात कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आत डांबले. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह स्वतः आत शिरले, कैद्यांशी बोलले आणि ग्रेवालांना सोडवून आणले. त्यांना पुढे अशोकचक्र, वर्ग दुसरा, मिळाले. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र गोळी झाडावी लागली व काही कैदी मेले, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही पक्षांनी भारतावर पक्षपाताचा आरोप केला. जानेवारी १९५४ मध्ये काम संपले. कोणत्याच बाजूला न गेलेले ८८ जण भारतात आले.

दगड खाऊन दगड न उचलणारा स्वयंसेवक संपात मिळविणे किती अवघड, हे आम्ही फाटकावर पाहिले आहे. तो निदान आपल्या भाकरीसाठी उभा असतो. हिंद नगरचा जवान परक्यांच्या भांडणात उभा होता. त्यानंतर गाझा, काँगो व इतरत्र मिळून दीडशेहून अधिक भारतीय शांतिसैनिकांनी प्राण दिले. मुलांना चार हुतात्म्यांची कथा सांगताना या राखणदारांचीही सांगावी. बंदूक कोणासाठी उचलायची आणि केव्हा आवरायची, हे दोन्ही त्यांना कळले पाहिजे.