बर्फातलं कूळ

खाबुरा ओमानच्या बातिना किनाऱ्यावर आहे. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपार जातो आणि शेजारच्या समुद्रामुळे हवा दमट राहते. इथल्या एखाद्या मराठी घराला अकिता जातीचा कुत्रा पाळावासा वाटला, तर पिल्लाची किंमत विचारण्याआधी त्यांनी त्याचं कूळ समजून घ्यावं.

अकिता हा उत्तर जपानमधला डोंगराळ प्रांत. हिवाळ्यात तिथे बर्फाचे थर साचतात. तिथले मातागी शिकारी अस्वलाच्या मागावर जाताना जे कुत्रे बरोबर नेत, त्यांच्यापासून हे कूळ चाललं. पुढे तिथल्याच ओदाते शहरात कुत्र्यांच्या झुंजी रंगू लागल्या. जास्त धिप्पाड कुत्रा हवा म्हणून तोसा आणि परदेशी मास्टिफ या कुत्र्यांशी संकर झाले. त्यात उभे कान पडले, शेपटीचा वेढा सुटला. मूळ अकिता जवळजवळ हरवलाच होता.

तो वाचला तो काही माणसांच्या हट्टामुळे. 1927 साली ओदातेच्या नगराध्यक्षांनी पुढाकार घेऊन अकिता जतन संस्था काढली. पुढच्याच वर्षी साइतो हिरोकिची यांनी सगळ्या जपानी कुत्र्यांसाठी वेगळी संस्था स्थापली. 1931 मध्ये अकिता राष्ट्रीय ‘नैसर्गिक स्मारक’ ठरला. जपानी कुत्र्यांमध्ये हा मान सर्वांत आधी त्याला मिळाला.

हाचिको हा अकिता सगळ्यांना ठाऊक असतो. त्याचे मालक प्राध्यापक उएनो 1925 मध्ये वारले, तरी हा कुत्रा जवळपास दहा वर्षं शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहत राहिला. 1932 साली त्याची हकिगत वर्तमानपत्रातून देशभर पोहोचली ती याच साइतोंमुळे. 1934 मध्ये स्थानकासमोर पुतळा उभा राहिला, तेव्हा हाचिको स्वतः तिथे हजर होता. त्याच्या निष्ठेबद्दल भरभरून लिहिलं जातं. साइतोंचं नाव मात्र क्वचितच कानावर येतं. मला ही उणीव फार जाणवते.

मग दुसरं महायुद्ध आलं. लष्करी कपड्यांना अस्तर हवं म्हणून कुत्र्यांची कातडी काढली जाऊ लागली. लष्कराच्या कामाच्या जर्मन शेफर्डला तेवढी सूट होती, म्हणून काहींनी आपल्या अकितांचा त्याच्याशी संकर केला. युद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी असे कुत्रे मायदेशी नेले आणि तिथे अमेरिकी अकिताची निराळी शाखा वाढली. त्याआधीच, 1937 च्या जपान दौऱ्यात, अमेरिकी लेखिका हेलन केलर यांना कामिकाझे नावाचं पिल्लू भेट मिळालं होतं. ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजाराने गेलं. पुढे त्याचा भाऊ केंझान त्यांच्याकडे पोहोचला.

या सगळ्या उलथापालथीत अकिताचा दुहेरी कोट टिकून राहिला : वर राठ केस, आत दाट मऊ लोकर. कुत्र्याचं अंग गार होतं ते मुख्यतः धापेतून, ओल्या जिभेवरचं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा. बातिनाच्या दमट हवेत ही वाफ नीट उडत नाही आणि आतली उष्णता साठत जाते. केस भादरून हा प्रश्न सुटत नाही. उघड्या कातडीला ऊन भाजतं ते निराळंच. म्हणजे उन्हाळाभर या कुत्र्याला एसीच्या खोलीत कोंडून घालावं लागणार. डोंगर तुडवण्यासाठी घडलेल्या प्राण्याला असं आयुष्य देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खाबुऱ्यात कुत्रा हवाच असेल, तर गावातलंच एखादं बेवारस पिल्लू घ्या, त्याला लस टोचा आणि घरचं करा. महाराष्ट्रात परतल्यावर पाळायचा असेल, तर लातूर-सोलापूरकडचा कारवानी कुत्रा बघा. त्याचं कूळ जपायलाही साइतोंसारखी माणसं हवी आहेत.