बाराशे किलोंचा दगड आणि जुम्मादादा

नववीतल्या एका पोराने मधल्या सुट्टीत मोबाईल पुढे केला. (शाळेत मोबाईलला बंदी आहे, ते असो.) गामा पहिलवानाचा फोटो, शेजारी एक दगड आणि वर मोठ्या अक्षरात : १२०० किलो. "सर, ये सच है क्या?" महालातल्या आमच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात.

दगड खरा आहे. बडोद्याला सयाजीबागेतल्या संग्रहालयात तो ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मुहम्मदने तो उचलला, असा लेख त्यावर कोरलेला आहे. गुलाम मुहम्मद म्हणजेच गामा. तेव्हा तो चोविशीत होता.

वजनाचं मात्र मला पटत नाही. आइसलँडच्या हाफथोर ब्योर्नसनने २०२० साली ५०१ किलो उचलले, तो तेव्हाचा विक्रम होता. हातात धरायला पोलादी दांडा होता आणि उचलायचं ते मांडीपर्यंतच. गामाच्या नावावरचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त, आणि दगडाला तर धरायला काहीच नाही. पोराला हे सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. मी जणू त्याच्या घरातलं काही काढून घेतलं. आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर गामा 'अपना आदमी' म्हणून फिरतो, दुसऱ्या ग्रुपवर भारताची शान म्हणून, आणि फाळणीनंतर तो लाहोरला राहिला, १९६० साली तिथेच वारला, म्हणून सरहद्दीपलीकडे त्यांचा म्हणून. ओळी बदलतात, किलो तेच राहतात. आकड्याला भाषा लागत नाही. निरक्षर आजीलाही १२०० कळतात.

हे वेड मोबाईलने आणलेलं नाही. प्रोफेसर राममूर्ती छातीवर हत्ती घेत, साखळ्या तोडत, आणि गावोगावची माणसं तिकीट काढून बघत. युरोपभर ताकदीचे खेळ करणारा युजेन सँडो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात येऊन गेला. त्याचं नाव आजही आपल्या अंगावर आहे. महालातल्या कुठल्याही कपड्याच्या दुकानात बिनबाह्यांची बनियन मागा, दुकानदार 'सँडो' म्हणूनच काढून देईल.

गामाची खरी कमाई कुस्तीत होती, आणि ती रीलमध्ये मावत नाही. १९१० साली तो लंडनला गेला, तर उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. त्याने उघड आव्हान दिलं, अमेरिकेच्या रोलरला हरवलं आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोशी भिडला. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ मातीला चिकटावं तसा गादीला चिकटून राहिला. निकाल लागला नाही. पुढच्या तारखेला तो आलाच नाही. १९२८ साली पतियाळ्यात पुन्हा गाठ पडली, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. मधल्या अठरा वर्षांचे जोर-बैठका, माती, खुराक यांचा व्हिडिओ कोण बघणार?

त्याच बडोद्यात जुम्मादादा नावाचे उस्ताद होते. त्यांचे शागिर्द माणिकराव पुढे राजरत्न झाले, सांघिक व्यायामाचे मोठे शिक्षक आणि नामांकित हाडवैद्य. त्यांच्या आखाड्याचं नाव आजही जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. मुसलमान उस्तादाचं नाव, मराठी शागिर्दाने सांभाळलेलं. व्यायामज्ञानकोशाचे दहा मराठी खंडही याच शहरात तयार झाले. जुम्मादादांवरचा एकही मेसेज मला आजवर आलेला नाही. त्यांच्या नावापुढे किलो नाहीत ना!

भाषेच्या मास्तराला आणखी एक दिसतं. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे जिथे माती अंगाला लागते ती जागा. उस्तादचा आपण वस्ताद केला. पैलवान फारसीतून आला, कसरत अरबीतून. हे शब्द कोणी फॉरवर्ड केले नव्हते. एकाच मातीत घाम गाळणाऱ्यांच्या तोंडून ते इकडे आले.

पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुम्मादादाने कितना उठाया था, सर?" मी माणिकरावांपासून सुरुवात केली, तेवढ्यात घंटा झाली. उरलेलं उद्या मराठीच्या तासाला.